हिरव्या चेहऱ्यांची शाळा

अब्ला इन्शिराह कुणालाही ‘कशी आहेस?’ असं कधी विचारत नसे. नझलत सुवैलिम गावच्या मुलींच्या शाळेत ती सव्वीस वर्षं समाजसेविका होती आणि एवढ्या वर्षांत आपण शिकलो ते शहाणपण हेच, असं ती म्हणायची. (इकडे शाळेतल्या बाईंना अब्ला म्हणतात. आपल्याकडचा अर्थ मनात आणून तिच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती झाली नसती.) इथे दक्षिणेकडच्या इजिप्तमध्ये माणसाला कसा आहेस विचारलं की तो ‘अल्हमदुलिल्लाह’च म्हणणार. छप्पर पडलेलं असो की नवरा परागंदा झालेला असो, देवाचे आभार आधी. त्यात खोटेपणा नाही, ती रीत आहे.

म्हणून अब्ला आडून विचारायची. “काल घरी रोटी कुणी भाजली गं?” पोरगी ‘मीच’ म्हणाली की आई अंथरुणाला खिळलीय हे तिला कळायचं. “तुझे जोडे धाकटीला होतात का?” यावरून घरात जोड किती ते समजायचं. जिन्याखालच्या तिच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात दुरुस्त केलेले चष्मे, वापरलेले गणवेश आणि बरेच जोडे. ज्या पोरीला जे हवं ते दुपारच्या आत तिच्या पिशवीत पडायचं, आणि शेजारणीलाही पत्ता लागायचा नाही.

मग एक दिवस जिल्ह्याच्या कचेरीतून बाशमुहंदिस हातिम आला. इकडे इंजिनिअरला बाशमुहंदिस म्हणतात, आणि हल्ली संगणकाचं बटण दाबणाऱ्या कुणालाही. केसांना तेल, पायात टोकदार बूट, काखेत टॅब.

“अब्ला, आता डोक्यात काही ठेवायला नको,” तो म्हणाला. “विद्यार्थी साहाय्याचं सगळं काम पोर्टलवर.”

“तुमचं डोकं रिकामं आहे ते त्यामुळेच का, बाळा?”

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

पोर्टलमध्ये पाच चेहरे होते. एका टोकाला रडणारा लाल, दुसऱ्या टोकाला हसणारा हिरवा. वर प्रश्न: तुमच्या घरची परिस्थिती कशी आहे? पालकांनी चेहरा दाबायचा. मदत लाल चेहऱ्यांना मिळणार. असला प्रश्न कुठल्या थंडगार खोलीत बसलेल्या विद्वानाला सुचला असेल! उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी शेळ्यांच्या गावात आणावा.

चारशे बारा घरांपैकी चारशे नऊ घरांनी हिरवा चेहरा दाबला. उरलेल्या तिघांना बटणच सापडलं नव्हतं. हेडमास्तरांनी मिठाई वाटली. आठवड्याने कागद आला: गरज दिसत नसल्यामुळे इझबत सनूसीची मायक्रोबस बंद करण्यात येत आहे.

इझबत सनूसी म्हणजे कालव्यापलीकडची, साडेचार किलोमीटरवरची वस्ती. तिथून अकरा मुली त्या बसने यायच्या. त्यांतली सबरीन भूमितीत मास्तरांच्या चुका काढायची, आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून त्या गुपचूप पुसायचे. तिचा बाप दगडाच्या खाणीत होता. त्याने पहिल्याच दिवशी अब्लाला बजावलं होतं, “बस आहे तोवर शाळा. वीटभट्टीवरून माझी पोर पायी जाणार नाही.”

अब्ला शाळेला मिळालेला टॅब घेऊन सबरीनच्या आईकडे गेली.

“उम सबरीन, हा लाल चेहरा दाब.”

“या लह्वी, देवा रे! लाल?” बाईने हात मागे घेतला. “देवानं काय कमी केलंय आम्हाला? चौघं धडधाकट आहोत. गाऱ्हाणं सांगायचं ते देवाला. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आपलीच अब्रू जाते.”

“अगं बाई, बस जाईल!”

“मग बसचं विचारायचं ना त्यानं! हा मेला आमची परिस्थिती विचारतोय.”

 अकराही घरांत अब्लाला चहा मिळाला आणि एकही लाल चेहरा मिळाला नाही.

ती कचेरीत गेली. हातिमने खुर्ची दिली, स्क्रीन तिच्याकडे वळवली. “लोकच हिरवं दाबतात, त्यात पोर्टलचा काय दोष? आणि हे बघा, कर्मचाऱ्यांचा तक्ता. ‘तुमच्या कामात काही अडचण आहे का?’ तुम्ही काय दाबलंत?”

अब्लाने चष्मा वर केला. तिच्या नावापुढे हिरवा चेहरा दात काढून हसत होता. गुडघे दुखत असताना, खोलीत पाणी गळत असताना, तिनेच दाबला होता. सव्वीस वर्षांचं शहाणपण असं एका बोटाने पालथं पडलं. ती स्वतःवर इतकी चिडली की तीन दिवस दिसेल त्याच्यावर खेकसत होती.

चौथ्या दिवशी हातिम शाळेला ‘सर्वांत समाधानी शाळा’ असं प्रमाणपत्र द्यायला आला. हार झाला, फोटो झाला. अब्ला गोड आवाजात म्हणाली, “बाशमुहंदिस, समाधानी माणसं बघायला येता का? कचेरीची गाडी नको. पोरी येतात तसे जाऊ.”

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? निघाला. कालव्याच्या कडेने जाताना टोकदार बुटांत माती शिरली. मैलभरात टाच सोलली. वीटभट्टीपाशी कुत्र्यांनी त्याला गाठलं. अब्ला ढेकूळ घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली, तोवर पँटचा एक पाय फाटला होता. भट्टीवरचे गडी शिट्या मारत होते, आणि त्या कुत्र्यांसाठी नव्हत्या.

“हे सगळं रोज दोन वेळा,” अब्ला म्हणाली. “पोरी तेरा वर्षांच्या आहेत.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे मोठे साहेब. हातिम ताठ उभा राहिला, फाटका पाय मागे घेतला आणि म्हणाला, “अल्हमदुलिल्लाह, साहेब! अगदी मोगऱ्याच्या फुलासारखं! काही त्रास नाही!”

फोन ठेवून त्याने वर पाहिलं.  अब्लाने पिशवीतून टॅब काढला आणि हिरवा चेहरा त्याच्यापुढे धरला.

त्याचे कान लाल झाले. उरलेली वाट तो फाटका पाय ओढत चालला.

त्याला एवढं तरी श्रेय द्यावं लागेल की त्यानंतर त्याने प्रश्न बदलून घेतला. मुलगी घरातून किती वाजता निघते? शाळेत कशी पोहोचते? वाट सांगण्यात कुणाला लाज नाही. सगळ्यांनी भराभर उत्तरं दिली आणि पोर्टलला एकदाची गरज दिसली. मग मंजुरी, मंजुरीची मंजुरी, सही करणारे साहेब रजेवर. बस परत सुरू झाली तेव्हा सात आठवडे उलटले होते.

पहिल्या दिवशी अब्ला स्वतः बसमध्ये बसून गेली. हाका मारत दहा मुली चढल्या. सबरीनच्या दारात ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला. उम सबरीन बाहेर आली.

“सबाह अल-खैर, अब्ला! या ना, चहा घ्या.”

“सबरीन कुठंय?”

“अल्हमदुलिल्लाह,” ती म्हणाली आणि डोक्यावरच्या ओढणीशी चाळा करू लागली.

 पुढचा प्रश्न अब्लाला विचारायचा नव्हता, पण दुसरा कुठला तिला येत नव्हता.

“आज रोटी कुणी भाजली?”

उम सबरीनने छपराकडे पाहिलं. तिथे पुढच्या खेपेच्या रोटीचे, उन्हात फुगायला ठेवलेले पिठाचे गोळे ओळीने मांडलेले होते, एकेक अगदी सारख्या अंतरावर, पट्टीने मोजल्यासारखे.

“सबरीननं,” ती हळूच म्हणाली. “हात चांगला बसलाय तिचा. तिचे वडील म्हणतात, आता सवय झालीये, तर राहू दे.”

अब्ला बसमधून खाली उतरली. गुडघा कुरकुरला, तशी तिने एक शिवी हासडली. ती गुडघ्याला होती, पोर्टलला होती की स्वतःला, हे ड्रायव्हरला कळलं नाही.

“तू जा रे, दहाजणींना उशीर होईल,” ती त्याला म्हणाली. मग ओट्यावर बैठक मारून तिने चपला काढल्या. “उम सबरीन, चहा ठेव. तुझा नवरा खाणीतून संध्याकाळी येतो ना? मी बसलेय.”