एकशे अठ्ठावीसची हद्द

ती केस आठवली की आजही पोटात थोडं जळतं.

मी तेव्हा यावलकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक्स-रे सेंटरचे डॉक्टर अर्ज घेऊन आले. त्यांच्याकडची टेक्निशियन, एका शिंप्याची मुलगी, फोटो काढते, पण तीन दिवसांपासून ते डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर येतच नाहीत. समोर नवीन सेंटर उघडतंय, त्यांच्यासाठीच ही बिघाड करते, गुन्हा दाखल करा, असं त्यांचं म्हणणं. मुलगी एकच सांगत होती, फोटो माझ्या मशिनमध्ये आहेत, पुढे जात नाहीत. तिचा बाप दारात उभा. म्हणाला, "साहेब, पोरीचं नाव एकदा गुन्ह्यात आलं तर हिला पुन्हा कोण कामावर घेईन?"

आमच्याकडे एक नवी महिला शिपाई होती, धुळ्याला कॉम्प्युटर शिकलेली. मोबाईल अडला, प्रिंटर अडला, सगळं ठाणं म्हणायचं, ताईंना विचारा. मला आयुष्यभर 'साहेबांना विचारा' ऐकायची सवय. काय सांगू!

तिला घेऊन पंचनाम्याला गेलो. दहा मिनिटं मशिनपुढे बसून ती म्हणाली, "साहेब, मास्क बदललाय." मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसली नाही, हेही मला लागलं.

"कॉम्प्युटरच्या नेटवर्कमधला हा मास्क म्हणजे हद्द, साहेब. या मशिनचा नंबर पंचेचाळीस, डॉक्टरांचा दीडशे. मास्कच्या शेवटी शून्य होता तोवर दोघं एकाच हद्दीत. कोणीतरी शून्याचा एकशे अठ्ठावीस केला. मधोमध शीव पडली, पंचेचाळीस अलीकडे, दीडशे पलीकडे, आणि पलीकडे जायला रस्ता दिलेलाच नाही. आता हे मशीन दीडशेला म्हणतं, तुम्ही आमच्या हद्दीत येत नाही."

मला लगेच कळलं. याच वाक्यावर मी कितीतरी फिर्यादी परत पाठवले होते.

तिने शून्य टाकला, फोटो गेला. पण बदलला कोणी? मशिनला हात लावणारे दोघंच, ती मुलगी आणि बारा वर्षं जुना ऑपरेटर. तो त्या दिवशी रजेवर. दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावला. तासभर एकच, मला बटण दाबण्यापलीकडे काही समजत नाही. पण मुलीचं नाव निघालं की त्याचा जबडा आवळायचा. तो जबडा माझ्या ओळखीचा होता. त्या आठवड्यात दाढी करताना आरशात रोज दिसत होता.

मी शिपाईताईंना बाहेर बसवलं. मग डॉक्टरांचा नाकातला आवाज काढला. नकला मला चांगल्या येतात. "पोरगी हिरा आहे हो! हे मास्कबिस्क तिचंच डोकं. आमच्या जुन्या माणसाला हे सात जन्मात जमायचं नाही."

तो ताडकन उठला. "तिले काय समजते? एकशे अठ्ठावीस म्या टाकले."

तो आकडा आम्ही त्याला सांगितलाच नव्हता. तो खाली बसला आणि हळू बोलायला लागला. पेशंट आधी भाऊ कुठे विचारायचे, आता ताई कुठे विचारतात. बस, एवढंच.

डॉक्टरांनी अर्ज मागे घेतला, मुलीची माफी मागितली. ती कामावर परतली, त्याची नोकरी गेली.

वरिष्ठांना अहवाल लिहायला बसलो. पहिली ओळ आली, 'मी स्वतः तपास केला असता.' दोन पानं झाली, शिपाईताईंचं नाव कुठेच नाही. पेन थांबलं. समोरच्या खुर्चीत काल बसलेल्या माणसाहून मी कितीसा वेगळा होतो? त्याने आकडा बदलला, मी नाव गाळलं. जळकं माणूस मला पटकन ओळखू येतं, ते का, हे त्या दिवशी समजलं.

अहवाल फाडून पुन्हा लिहिला. जळगावला शिपाईताईंना प्रशस्तिपत्र मिळालं तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या. फार जोरात नाही, पण वाजवल्या.