तिसऱ्या ग्लासातला धूर

लेकीनं जेवणाच्या टेबलावर सहा ग्लास मांडले, तेव्हा मला वाटलं ही आता मला ओवाळणारच. आदल्या दिवशी फोनवर तिनं नियमच इतके सांगितले होते. सकाळचा चहा घ्यायचा नाही. डोक्याला तेल नाही. उदबत्ती लावायची नाही. कांदा-लसणाचं नावच नको. दातांना पेस्टसुद्धा लावायची नाही, कारण पेस्टच्या थंडाव्यात बाकीची चव मरते म्हणे. मी म्हटलं, अगं बाई, याच्यापेक्षा एकादशी सोपी असते.

ती वाइन बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. आमच्या कोपरगावकडची शिकलेली पोरं साखर कारखान्यात लागतात. हिचं शिक्षणही त्याच वळणाचं, पण ही गेली द्राक्षांकडे. नातेवाइकांनी विचारलं की आमचे हे ‘फळप्रक्रिया’ म्हणून वेळ मारून नेतात. हे माळकरी. त्या दिवशी बाटल्या घरात आल्या तसा त्यांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. माझ्या गळ्यात माळ नाही, पण दारू मीही कधी तोंडाला लावलेली नव्हती.

मग मला कशाला बसवलं? तर माझ्या नाकासाठी. दूध नासायच्या आधी मला कळतं, हे घरातलं जुनं कौतुक. पण तिची अडचण खरी होती. त्या हंगामात तिच्यावर पहिल्यांदाच एक अख्खी टाकी सोपवली होती, लाल वाइनची. ज्या मळ्यातून द्राक्षं आली त्याच्या बांधाला लागून ऊस. ऊसतोड झाल्यावर शेजाऱ्यानं पाचट पेटवून दिलं आणि ऐन काढणीच्या तोंडावर तो धूर द्राक्षांवर बसून राहिला. धूर सालीत मुरतो, आधी पत्ता लागू देत नाही आणि वाइन झाल्यावर घोटाच्या शेवटी वर येतो, असं ती सांगत होती. कंपनीत कुणी म्हणत होतं धूर आहे, कुणी म्हणत होतं छे, हा लाकडी पिंपाचा वास. टाकी दुसऱ्या दिवशी बाटल्यांत भरायची की थांबवायची, हे तिला संध्याकाळपर्यंत साहेबांना कळवायचं होतं. भरली आणि धूर निघाला तर नाव तिचं खराब. थांबवली आणि धूर नसलाच, तरी तिचंच. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“खरं काय ते सांग,” ती म्हणाली. “माझ्या तोंडाकडे बघू नकोस. ग्लासाकडे बघ.”

आधी पांढऱ्या. पांढऱ्या कसल्या, पहिली तर हिरवट पाणीच. वास पेरूचा पाला चुरगळल्यासारखा. घोट घेतला आणि दात आंबले. मी म्हटलं, ही कैरीची सख्खी बहीण दिसतेय. लेक हसली नाही. दुसरी गोड होती. तिला मोगऱ्याचा वास होता आणि मागून मध. ही मला कळली, म्हणजे आवडली. आणखी मागितली तर दिली नाही. तिसरीनं मात्र मला पार चक्रावून टाकलं. रंग सोनेरी, वास थेट लोणी कढवताना बेरी धरायला लागते तेव्हाचा. म्हणून मी गोडाची तयारी करून तोंडात घेतली, तर गोडाचा मागमूस नाही! नाक एक सांगतंय, जीभ भलतंच. मी म्हटलं ही बिघडलीय. तर लेक म्हणाली, नाही आई, ही चांगल्यातली आहे, ती अशीच असते. अशीच असते तर चांगलं कशाला म्हणायचं आणि बिघडलेलं कशाला, हेच मला कळेनासं झालं.

थुंकायला तिनं स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. मी काही थुंकले नाही. जेवायच्या टेबलावर, तेही पातेल्यात थुंकायचं म्हणजे काय! मी गिळत गेले. तिनं दोनदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. लाल ग्लासांपाशी येईपर्यंत माझे कान गरम झाले होते.

पहिली लाल हलकी होती, करवंदांची आठवण करून देणारी. ही मी चार बायकांत बसून सरबत म्हणून पिऊ शकले असते. दुसरी जड. घोट गिळला तशी जीभ आणि गाल आतून ओढले गेले, जांभळं जास्त खाल्ली की ओढले जातात तसे. ही पिऊन माणूस बोलणार कसं, असं मी विचारलं. लेक म्हणाली, हॉटेलवाले हीच जास्त मागतात. मागोत बापडे, मला काय करायचंय.

मग तिसरी. कुठली तिची आहे हे तिनं सांगितलं नव्हतं. ही मऊ होती. आधी मनुका, मग काळ्या मिरीचा हलका ठसका. मी मान डोलावणारच होते, इतक्यात घोट पोटात गेला आणि मागून राख वर आली.

“यात धूर आहे,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. शेवटी येतोय. विझलेल्या चुलीसारखा.”

ती मोबाईल उचलून मागच्या अंगणात गेली. मला मेलीला मात्र फुशारकी वाटली. कंपनीतल्या लोकांना जे जमलं नाही ते आपण एका घोटात सांगितलं, म्हणून मी एकटीच खुशीत बसले. बसल्या बसल्या दातांवरून जीभ फिरवली, तर जिभेला एक कण लागला. बोटावर घेऊन पाहिला. काळा.

मिश्री! पेस्ट लावायची नाही म्हटल्यावर तोंड स्वच्छ कसं करायचं? म्हणून मी सकाळी मिश्री लावली होती. लेकीचं मोठं काम, तोंड चांगलं निघायला पाहिजे, म्हणून रोजच्यापेक्षा चिमूटभर जास्तच. आता मिश्री म्हणजे तरी काय? तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. पण आमच्याकडच्या बायकांच्या हिशेबी ते दात घासणं. त्याला कुणी तंबाखू म्हणत नाही. लेकीनं एवढे नियम सांगितले, त्यात मिश्रीचं नाव नव्हतं, कारण मी ती कधीच सोडली असं तिला वाटत होतं.

डोक्याचा नुसता भुगा झाला. राख मिश्रीची म्हणावी, तर मग ती सगळ्या ग्लासांत लागायला हवी होती. मोगऱ्याच्या वासाचीत का लागली नाही? की हिरड्यांत अडकलेली शेवटाला सुटली? बरं, बाहेर कारखान्याचा हंगाम सुरू, तिकडे कुणी पाचट पेटवलं असलं तर हवेतही तोच वास. तेवढ्यात हे दारातून डोकावले आणि चहा ठेवता येईल का म्हणून विचारलं. मी त्यांच्यावर अशी खेकसले की ते पुन्हा पेपरात गेले.

अंगणात गेले तर लेक पेरूच्या झाडाखाली नुसती उभी होती. फोन अजून लावलेला नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ही आता आकाशपाताळ एक करणार. तसं काही झालं नाही. तिनं मला कोमट पाण्यानं चुळा भरायला लावल्या, कोरडी पोळी चावायला दिली, थोडा वेळ गप्प बसवून ठेवलं आणि तो तिसरा लाल ग्लास पुन्हा पुढे केला.

मी घोट घेतला. राख होती. म्हणजे, होती असं वाटलं. मग वाटलं, मी शोधतेय म्हणून सापडतेय. आणखी एक घोट घेतला तर नुसत्या मनुकाच. काय खरं आणि काय खोटं! शेवटी करायचं नव्हतं तेच केलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी निकालाच्या दिवशी दारात उभी राहायची, अगदी तसंच तोंड. माझा जीव गलबलून आला.

“नाही गं,” मी म्हणाले. “मघाशी मिश्रीच होती. ही चांगली आहे. सगळ्यांत चांगली हीच.”

तिनं माझ्या हातातून ग्लास काढून घेतला. तिथेच उभं राहून साहेबांना फोन लावला आणि सांगितलं, उद्या टाकी बाटल्यांत भरायची नाही, धूर आहे. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. ही दर वेळी फक्त ‘हो सर, माझ्या जबाबदारीवर’ एवढंच म्हणत होती.

फोन ठेवल्यावर माझाच धीर सुटला. माझ्या असल्या तोंडावर विसंबून एवढी मोठी गोष्ट करू नकोस, मी तिला विनवत होते.

“तुझ्यामुळे नाही, आई. महिनाभर झाला, मला लागतोय तो.”

“मग मला कशाला बसवलंस? हे सहा-सहा ग्लास कशाला?”

ती आत येऊन टेबलावरचे उरलेले ग्लास गोळा करायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी काहीही केलं तरी तू चांगलंच म्हणतेस. वाटलं, एकदा तू चांगली म्हणालीस की डोळे मिटून भरून टाकीन.”

“मग म्हणाले की मी, चांगली आहे म्हणून.”

“दुसऱ्यांदा म्हणालीस,” ती म्हणाली, आणि तिसरा ग्लास तिनं सिंकमध्ये ओतला.