हाकेचा मक्ता

आमच्या पोखर्णीत बायनाबाईची हाक ओळखत नाही असा माणूस नव्हता. दिवेलागणीला ती ओट्यावर उभी राहायची आणि शिवाराकडं तोंड करून म्हणायची, "आवो, या आता घरी. दिवा लागला." शेवटचा शब्द लांबवत न्यायची. मी शेजारीण, रोज ऐकायचे, तरी देवापुढची वात हातात थांबायची.

हाक नवऱ्यासाठी होती. सटवाजीदादांना दोन-तीन वर्षांपासून विसर पडत गेला होता. स्वतःचं घर ओळखेनात. दिवसभर बांधाबांधानं फिरायचे. धरून आणायला गेलं की हिसडा देऊन पळायचे. त्या आवाजामागं मात्र बरोबर घरी यायचे.

दादांची पुतणी निकिता पुण्यात मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्यांकडं आवाजाचं काम करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं ती हाक रेकॉर्ड करून नेली. गेम भुताचा होता. उसात हरवलेल्याला एक बाई हाक मारते, आणि जो आवाजामागं जातो तो परत येत नाही.

गेमवाल्यांना लायसन एक्सक्लुझिव्ह पाहिजे होतं. म्हणजे ते रेकॉर्डिंग त्यांच्याच गेमात वाजणार, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. नॉन-एक्सक्लुझिव्ह दिलं तर त्यांनीही वापरायचं आणि आपण आणखी कुणालाही द्यायला मोकळे. निकितानं हे फोनवर समजावलं. बायनाबाईनं त्याचा अर्थ आंब्यावरून लावला. झाडाचा मक्ता एकदा दिला की मालकालाही त्याचा आंबा तोडता येत नाही.

"हाकेचा मक्ता दिला तर यांना घरी कोण आणील?" ती म्हणाली. "मला न्हाई द्यायचा."

काकू, मक्ता रेकॉर्डिंगचा आहे, तुमच्या गळ्याचा नाही, तुम्ही खुशाल हाका मारा, असं निकितानं परोपरीनं सांगितलं. बायनाबाई ऐकेना. शेवटी नॉन-एक्सक्लुझिव्ह ठरलं. पुढं आणखी दोन गेमवाल्यांनी हाक मागितली, तिनं त्यांनाही दिली. झाड आपलंच आहे म्हणाली.

वर्षभरात हाक गावातल्या मोबाइलांत आली. गल्लीतली सुलाबाई चिडवायची, "बायने, नवरा एक आन् हाका गावभर." बायनाबाई म्हणायची, "तुझा येतो का गं एका हाकेत?" सगळ्या हसायच्या. मला मात्र संध्याकाळी दार उघडं ठेवायला नको वाटू लागलं. बायनाबाई माझ्यासमोर शेंगा सोलत बसलेली असायची, ओठ मिटलेले, आणि तिचा आवाज देवळाकडून यायचा.

दादांना घरी यायला उशीर होऊ लागला. कधी टपरीमागं सापडायचे, कधी एसटीच्या थांब्यावर. कुणाच्या तरी मोबाइलपुढं मान तिरकी करून उभे.

त्या दिवशी दिवेलागणीची वेळ टळत आली तरी ते आले नव्हते. ना दिवस ना रात्र, आमच्या नरसिंहाची वेळ. आम्ही दोघी शोधत निघालो. गावातल्या बन्सीधरच्या तुरीत त्यांच्या डोक्यावरचा पटका दिसला. पुढं त्याची बिनकठड्याची विहीर. विहिरीपलीकडं मोटारीच्या खोलीत त्याचा गडी मोबाइल घेऊन बसलेला. तिथून आवाज आला, आवो, या आता घरी. दिवा लागला. दादा तिकडं चालू लागले.

आम्ही धावलो. बायनाबाईनं हाक मारली. तेच शब्द, तोच गळा. दादा थांबले, दोन्हीकडं पाहिलं आणि पुन्हा विहिरीकडं वळले. मी देवाचा धावा करत होते. बायनाबाई तोंड उघडायची, पण शब्द निघेना. जे होतं ते सगळं तिकडंच वाजत होतं.

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी हाकेत घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच.

"सटवाजी," ती म्हणाली. "सटवाजी, मागं फिरा."

ते फिरले. तूर बाजूला सारत आले आणि लेकरानं धरावा तसा तिचा पदर धरला.

विहिरीपलीकडून हाक पुन्हा आली. दादांनी बायनाबाईच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"तू तर हितं हायस," ते म्हणाले. "मग तिकडं मला कोण बोलवायलंय?"

बायनाबाईनं हात धरून त्यांना घरी आणलं. ओट्यावर अंधार होता. दिवा लावायचा तसाच राहून गेला होता.