ती बसायची ती बाजू

माझ्या धाकट्या बहिणीला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. आमचे हे तिला 'पालेभाजी' म्हणतात, आई चिडली की 'शास्त्रज्ञीणबाई' म्हणते आणि मी नुसतं 'ए' म्हणते. ती वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते आहे. किती वर्षं करते आहे हे विचारू नका. तिला ते विचारलेलं आवडत नाही आणि सांगताना मलाही अवघडल्यासारखं होतं.

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. लोकांच्या दाढा ठणकतात, मी त्यांना पुढच्या आठवड्यातली वेळ देते. झाडांमधलं मला काडीचं कळत नाही. पण लग्नानंतर मी आईला आणि तिला माझ्याच घरी आणलं, त्यामुळे तिचं हे सगळं प्रकरण माझ्या डोळ्यांदेखत झालं.

लहानपणापासून ती अशीच. लपाछपी खेळताना कुंपणात लपली की खेळ संपून सगळे घरी गेले तरी बाहेर यायची नाही. कुठल्यातरी पानाच्या मागची लव बघत बसलेली असायची. मी तिला दंड धरून ओढत आणायची आणि उशीर झाला म्हणून बोलणी मात्र मला बसायची. हुशार म्हणाल तर बेताची, पण चिकाटी अशी की समोरच्याच्या नाकीनऊ यावेत. पहिला पगार देणारी नोकरी सोडून ती संशोधनाला लागली तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी हिनेच तिला भरवलं, आणि भरवता भरवता आपला विषय समजावून सांगितला.

विषय सांगायला सोपा होता. आमच्या गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण आहे. खाण बंद पडली, पण तिच्यातून काढलेल्या मुरमाचा आणि दगडांचा मोठा ढिगारा तसाच राहिला. त्याच्या अलीकडे एक माळ आहे, कुणी कधी न खणलेला. त्या माळावर एक छोटं, पिवळ्या फुलांचं रोप उगवतं, जे दुसरीकडे फारसं कुठे दिसत नाही. प्रश्न एवढाच, की ढिगाऱ्याला माणसाने हात लावला नाही, काही पेरलं नाही, तर हे रोप आपल्या पायांनी तिथे परत येईल का? तिच्या गाइडांना ती 'सर' म्हणते, म्हणून आम्हीही सरच म्हणतो. त्यांचा जन्म याच एका म्हणण्यात गेला होता. जमिनीला एकटं सोडा, ती आपली आपण भरून येते, असं ते म्हणायचे. पण ते हातात धरून दाखवता येईल असं त्यांच्याकडे काही नव्हतं.

ते आमच्या पालेभाजीने दाखवायचं ठरवलं. माळावर आणि ढिगाऱ्यावर तिने चौकटी आखल्या. चौकट म्हणजे जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या आणि त्यांना बांधलेली दोरी. प्रत्येक चौकटीशी गुडघे टेकायचे आणि आत उगवलेला प्रत्येक अंकुर मोजायचा, हेच तिचं काम. सकाळी दव असताना ती आधी माळावर जायची, कारण तो वाटेत लागायचा, आणि तिथलं आटोपून मग ढिगाऱ्यावर. मधे बुटांचे तळवे ब्रशने घासून घ्यायची, इकडचं बी तिकडे जाऊ नये म्हणून. त्या ब्रशचं तिला भारी कौतुक. एकदा यांनी चुकून त्याच ब्रशने आपले ऑफिसचे बूट साफ केले, तर तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

विभागाच्या टोकाच्या लांबट खोलीत तिचं टेबल होतं. कपाटांत वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये दाबलेल्या वनस्पती, सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास, आणि खिडकीपाशी एक ओव्हन, ज्यावर कुणीतरी 'यात जेवण गरम करू नये' असं लिहून चिकटवलं होतं. तिच्याबरोबरची मुलं एकेक करून पदव्या घेऊन गेली. तिची जागा तीच राहिली. पहिली बरीच वर्षं ढिगाऱ्यावर काही म्हणजे काही उगवलं नाही. आईने तिच्या लग्नाचा नाद सोडला होता, पण जिभेचा पट्टा सोडला नव्हता. ही दमून घरी आली की आई विचारायची, "काय, आले का आमचे जावई?"

आणि एके दिवशी जावई आले. दोन पानांचा अंकुर, करंगळीच्या नखाएवढा. तिने फोनवर इतका आरडाओरडा केला की मला वाटलं तिला विंचू चावला. त्यानंतर दर हंगामात रोपं वाढत गेली. सर तिचे आलेख चारचौघांत दाखवू लागले. एका कॉलेजमध्ये ती तात्पुरती शिकवत होती, त्यांनी सांगितलं, पदवी हातात आली की कायम करतो. फक्त तोवर तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. मुदतवाढही घेऊन झाली होती. शेवटची मुदत एका सोमवारी होती आणि त्यानंतर नाव रद्द होणार होतं. त्याच वर्षी सरही निवृत्त होणार होते. पण थिसिस लिहून झाला होता, काळजीचं कारण नव्हतं.

शेवटी सर म्हणाले, एक नकाशा टाक. ढिगाऱ्यावरच्या चौकटींत कुठलं रोप नेमकं कुठे आहे, ते ठिपक्यांनी दाखव. वाचणाऱ्याला बरं वाटतं.

मोजमापं तिच्याजवळ होतीच. दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती ठिपके टाकत बसली. मी चहा घेऊन गेले तर ही बाई पडद्याकडे बघत नुसती बसलेली. तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"काय झालं गं?"

"ताई, ती माझी चटई आण."

रबराची एक काळी चटई होती तिची, गुडघ्यांखाली घ्यायची. ती तिने फरशीवर टाकली, वर गुडघे टेकले आणि समोरच्या मोकळ्या फरशीकडे वाकली, जणू तिथे चौकट आहे. मग तशीच वाकलेली असताना म्हणाली, "सगळी रोपं इथे आहेत. माझ्या पुढ्यात. पलीकडच्या बाजूला एक नाही."

मला आधी काही उमगलं नाही. मग तिने सांगितलं. आपली सावली चौकटीवर पडू नये म्हणून ती प्रत्येक चौकटीच्या एकाच बाजूला बसायची. तशीच रीत आहे म्हणे त्यांच्यात. दर वेळी तीच बाजू, आणि ठिपक्यांची गर्दी त्याच बाजूला. बूट तिने शंभरदा घासले. चटई एकदाही नाही.

तिने माळावरून आणलेल्या बियांच्या पुडीतलं चिमूटभर बी काढलं, चटई ओली केली, वर ते टाकलं. भिजवलेल्या जवसासारखं ते बुळबुळीत झालं आणि चटईला घट्ट बसलं. झटकलं तरी पडेना. मग चटई गॅलरीत उन्हात टाकली. वाळल्यावर तिने खालून हलकी टिचकी मारली, तर सगळं बी खालच्या वर्तमानपत्रावर गळून पडलं. माळावरच्या दवात चिकटायचं आणि ढिगाऱ्यावरच्या उन्हात गळायचं. हे बी वाऱ्याने पसरतं असं त्यांच्या सगळ्या पुस्तकांत आहे. आमचे जावई आपल्या पायांनी आलेच नव्हते. हीच त्यांना रोज गुडघ्यांवर घेऊन जात होती.

त्या दिवशी ती रडली नाही. मी रडले. तिने चहा गरम करून प्यायला आणि दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन सरांकडे गेली.

सरांनी म्हणे नकाशा बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून ठेवला.

"बूट पुसत होतीस ना?"

"हो सर."

"आणि चटई?"

हिने नकारार्थी मान हलवली.

"चटई मीच दिली होती तुला," सर म्हणाले.

मी तिला म्हटलं, हीच चूक लिहून काढ ना, तीही शोधच आहे की. ती म्हणाली, तो वेगळा प्रश्न आहे ताई, त्याला नव्या चौकटी लागतात, नवी वर्षं लागतात. सरांनी एकच वाट ठेवली होती. ते म्हणाले, "तू कधी बसली नाहीस अशा जागी मला एक रोप दाखव. एकाने काही सिद्ध होत नाही, पण प्रश्न खुला राहतो. मग शंका लिहू, मर्यादा लिहू, मी सही करतो. एकही नसेल, तर मी सही कशावर करू?"

खरं सांगते, माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, टाक काढून तो नकाशा! तो नव्हता तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं. सरांना सांग प्रिंटर बिघडला."

ती हसली. "ताई, तुमच्याकडे दाढ दुखते म्हणून माणूस आला, तर भलताच दात उपटून देता का?"

"उपटतात डॉक्टर. मी फक्त वेळ देते."

मग मात्र ती इतकी रडली की आई आतून उठून आली. तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि त्या दिवसापासून तिने जावयांचं नाव काढलं नाही.

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, यांनी आम्हाला गाडीतून ढिगाऱ्यापाशी सोडलं. "पालेभाजी, एक तरी जुडी घेऊनच ये," असं काहीतरी म्हणाले, पण कुणी हसलं नाही, तेव्हा मुकाट्याने गाडी सावलीला लावायला गेले. तिने मला एक रोप दाखवून ओळख करून दिली. तीन-तीन पानांचा झुबका, तांबूस देठ, पानाखाली पांढरी लव. चटई तिने घरीच ठेवली होती. चौकटींच्या जवळपाससुद्धा बघायचं नाही असं ठरलं. ती एका अंगाने, मी दुसऱ्या.

असा दिवस वैऱ्यावर येऊ नये. मुरूम टोचत होता, उन्हाने डोकं भणभणत होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जमिनीकडे इतकं निरखून पाहत होते. दर थोड्या वेळाने मी ओरडायची, "ए, हे बघ!" ती धावत यायची, वाकायची आणि म्हणायची, "नाही, हे दुसरं." प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा आणखी बारीक होत गेला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना वेठीला धरलं होतं. एक दे, मरतुकडं दे, किडकं दे, पण दे.

उन्हं कलली तेव्हा मी ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला पोचले होते. तिथे कुठेही खुंट्या नव्हत्या, दोऱ्या नव्हत्या. एका मोठ्या दगडाच्या बुडाशी मला तीन पानांचा झुबका दिसला. देठ तांबूस होता. मी पान उलटं केलं, तर पांढरी लव. या वेळी ओरडले नाही. मी नुसते हात हलवले.

ती दगडांवरून धडपडत आली. भिंग काढलं, पोटावर आडवी झाली, पाहिलं, परत पाहिलं. मग उठली आणि मला इतकी घट्ट मिठी मारली की माझ्या बरगड्या दुखल्या. "तेच आहे! ताई, तेच आहे!" किती दिवसांनी मी तिला असं हसताना बघत होते. आम्ही दोघी त्या ढिगाऱ्यावर लहान मुलींसारख्या नाचलो.

"सरांना फोन लाव," मी म्हटलं.

तिने लावला. रिंग जात होती तोवर जागा नीट सांगता यावी म्हणून ती इकडेतिकडे बघू लागली. खाली रस्त्याकडे पाहिलं, माळाकडे पाहिलं, मग तो मोठा दगड आणि त्याची सावली पाहिली. आणि तिचं हसू गेलं.

"मिळालं?" सरांचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू आला. ते फोनपाशीच बसून असावेत.

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बिनसलंय हे तिने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मी जोरजोरात मान हलवली, हात जोडले, खुणेने सांगितलं, हो म्हण, बाई, नुसतं हो म्हण. हे जग तुला विचारायला येणार नाही.

"मिळालं सर. एक."

"चौकटींपासून किती लांब?"

"पुष्कळ लांब. मागच्या बाजूला."

सर हसले. म्हातारा माणूस इतकं मोकळं हसतो हे मला ठाऊक नव्हतं. मी श्वास सोडला.

"पण सर," ती म्हणाली, "इथे मोठा दगड आहे. दुपारी सावली एवढीच असते. मी डबा खायला इथेच बसते."

त्या क्षणी मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. देवाशपथ वाटली.

"रोज?" सरांनी विचारलं.

"रोज."

"चटई टाकून?"

"चटई टाकून."

मग सर म्हणाले, "ऊन फार आहे. घरी जा आता. आणि उद्या... उद्या यायची घाई करू नकोस." आणि फोन बंद झाला.

ती तशीच उभी राहिली, हात लोंबकळत. गुडघे मुरमाने सोलवटले होते. आता कॉलेज नाही, पदवी नाही, इतक्या वर्षांचं काहीच नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. माझा राग कुठच्या कुठे गेला. पडेल की काय अशी भीती वाटून मी तिचा दंड धरला.

"बस गं जरा," मी म्हटलं.

तिने सावलीकडे पाहिलं, त्या रोपाकडे पाहिलं, मग पायांखालच्या मुरमाकडे.

"कुठे बसू, ताई?"