माणिकदाजींची तुळा

माणसं पोटासाठी कष्ट करतात. आमचे माणिकदाजी पोटावर कष्ट करायचे. दिवस कलला, की खटकचिंचोळीच्या शिंदीखान्यात, म्हणजे ताडीसारख्या शिंदीच्या गुत्त्यात, जाऊन ते या कामाला बसत. इकडे अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण नि त्यांची बायको, ताट झाकून वाट बघत राही. घरी आल्यावर दाजी जेवत भरपूर, बोलत काहीच नसत. शेवटच्या घासाला डोळे मिटलेले असत. निजामाच्या अमलातली ही गोष्ट.

लहानपणी दाजी तापानं फणफणले, तेव्हा त्यांच्या आईनं महादेवाला नवस केला होता. पोरगं वाचलं तर दर जत्रेला त्याच्या भारोभार गूळ वाटीन. पोरगं वाचलं, वाढलं, आणि मग वाढतच राहिलं. माझी भालकीला अडत होती, म्हणून देवळापुढच्या लिंबाला टांगायचा मोठा तराजू दर साली मीच गाडीतून नेई. एका पारड्यात दाजी मांडी घालून बसत, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढत. गेल्या सालापेक्षा जास्त लागल्या की गाव खूश. फुकटचा गूळ वाढला तर कोण नाराज होणार? मालकानं औंदा अंग धरलंय, असं म्हातारे कौतुकानं म्हणत, आणि दाजी परीक्षेत पहिले आल्यासारखे हसत.

एकदा अक्कानं माझ्यादेखत विषय काढला. ही शिंदी तुम्हाला खायलीय, म्हणाली.

दाजींनी पोटावरून हात फिरवला. "ती मला खायलीय, तर मी वाळायलो कामून न्हाई? ज्या साली गूळ कमी लागंल, त्या साली सोडतो. शब्द म्हंजे शब्द."

झालं! नवऱ्याचा जीव आता तराजूच्या दांडीवर टांगला गेला. अक्का दर जत्रेला दाजींचं वजन घटावं म्हणून उपास धरी. घटायची ती तीच.

मी दाजींना भालकीच्या हकीमसाहेबांकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं. पोटातली चूल आधी शिंदी जाळते, तोवर भाकरी-मटण बाजूला पडून राहतं आणि त्याची चरबी होते. शिवाय शिंदीनं भूक खवळते ती वेगळीच. दाजींनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, हकीम एवढा शहाणा, तर मग स्वतः असा काटकुळा कसा? त्याच संध्याकाळी दाजी चूल पेटवायला गेले.

पुढं मात्र मला वेगळंच दिसू लागलं. दाजींच्या हातांच्या काटक्या झाल्या, गालफडं बसली, डोळे पिवळे पडले, आणि पोट तेवढं टम्म. त्या जत्रेत त्यांना दोघांनी धरून पारड्यात बसवलं. गूळ आजवरचा सगळ्यांत जास्त लागला. लोकांनी टाळ्या पिटल्या. अक्का देवळाच्या पायरीवर रडत होती. बायांना वाटलं, आनंदानं. मला असा संताप आला, की ती दांडी गुडघ्यावर घेऊन मोडावी.

दुसऱ्या दिवशी मी हकीमसाहेबांनाच गावात आणलं. त्यांनी दाजींची नडगी अंगठ्यानं दाबली. पडलेला खळगा भरून येईना.

"पटेल, ये गोश्त नै, पानी है," ते दाजींना म्हणाले. यकृत खराब झालंय, जलोदर आहे, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

औषधानं पाणी उतरू लागलं. दाजींनी हट्टानं पुन्हा तराजू टांगायला लावला. पारड्यातल्या ढेपा एकेक करून खाली काढाव्या लागल्या. दाजींनी काढलेल्या ढेपा बोटानं मोजल्या.

"कमी झालं," ते म्हणाले. "सोडली."

आणि खरंच सोडली! शब्दाला एवढा पक्का माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल. एवढ्या वर्षांत अक्कासाठी सोडली नाही, हकीमासाठी सोडली नाही. तराजूनं सांगितलं, लगेच ऐकलं.

मग संध्याकाळी ते ओसरीवर बसू लागले. अक्काशी बोलू लागले. तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग बघून एकदा विचारलं, हा कधीचा? डाग लग्नानंतरच्या दुसऱ्या सालचा होता. अक्कानं ते मला हसत सांगितलं, आणि सांगता सांगता पदर डोळ्याला लावला. असे दीडेक महिने गेले, आणि दाजी गेले.

तेराव्याच्या पंगतीत एका शहाण्यानं निदान केलं. पीत होता तोवर भरत होता. सोडली, वाळला, गेला. पंगत माना डोलवू लागली. बरोबरच आहे, सगळ्यांनी डोळ्यांनी तोललेलं! शिंदीखान्याला त्या दिवसापासून बरकतच आली म्हणे.

अक्का भात वाढत होती. ती त्या माणसाच्या पानापुढे थांबली.

"उठा, भाऊ. सोडली म्हणून दीड महिना माझा नवरा माझ्याशी बोलला. तेवढं तरी माझ्याकडं राहू द्या."

तो उठला. अक्का पुढच्या पानाकडे वळली आणि भात वाढू लागली.