दोन दाते जास्त

व्हर्ल होकन्सनच्या हाताखालून न गेलेली बर्फावर पळणारी स्नोमोबाइल गाडी आमच्या वायोमिंगच्या खोऱ्यात सापडणं मुश्कील. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला काट्यावर उभं करी. कोणी वजन कमी सांगितलं, तर म्हणे, "बायकोला फसव बाबा, स्प्रिंगला नको." मग वजन बघून मागची स्प्रिंग कसायची, चढावर गाडीचं नाक उधळू नये म्हणून पुढचा पट्टा ओढून घ्यायचा, आणि चेनवरचं वरचं दातेरी चक्र काढून लहान घालायचं. लहान चक्रानं वेग जातो, पण ओढ येते. डोंगरातल्या खोल बर्फात ओढच कामाची.

यंदा त्याचा मेहुणा ऑरलिन गाडी घेऊन आला. "दाजी, शनिवारी तुमची रेघ मोडतो की नाही बघा!"

रेघ म्हणजे डोंगराच्या चढावर बर्फात सगळ्यांत उंच जाऊन वळलेल्या गाडीची खूण. दर हिवाळ्यात ती व्हर्लचीच असायची, आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिचंच कौतुक चालायचं. साठी उलटली तरी माणसाला एवढंही सोडवत नाही, याला काय म्हणावं?

व्हर्लनं स्प्रिंग कसली, पट्टा ओढला, तेल बदललं, सगळं मन लावून. चक्र मात्र जुनंच ठेवलं. त्याला दोन दाते जास्त होते. दोन दात्यांनी काय आभाळ कोसळतंय, पोरगा थोडा खाली राहील इतकंच, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"चक्र बदललंत ना?"

"बदललं की."

शनिवारी व्हर्लची रेघ उमटली. मागून ऑरलिन चढला. रेघेच्या जरा खाली गाडीचा दम संपला. वळायच्या आतच ती थांबली, आडवी झाली आणि त्याला घेऊन गडगडत खाली आली. व्हर्लनंच त्याला बर्फातून उपसून काढलं. पाय मोडला होता.

"गाडी झकास होती हो दाजी," ऑरलिन कण्हत म्हणाला. "माझाच हात कच्चा."

व्हर्लला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको नेड्रा भावाला भाजलेल्या बटाट्यांचं पातेलं देऊन आली. "ऑरलिन गाडी विकतोय. म्हणतो, डोंगर आपल्याला जमायचा नाही. तुम्ही समजवा ना, तुमचं ऐकतो तो."

ताट तसंच सोडून व्हर्ल हत्यारं घेऊन निघाला.

ऑरलिन शेडमध्ये, पाय खोक्यावर टाकून बसला होता. "विकायच्या आधी तपासायला आलात?"

व्हर्लनं चेनचं झाकण काढलं. तेल फरशीवर सांडलं. चक्र पुसून त्यानं ऑरलिनच्या मांडीवर ठेवलं. "दाते मोज."

मोजायची गरज नव्हती. आकडा चक्रावरच ठोकलेला होता.

"विसरलात?"

"नाही. मुद्दाम ठेवलं. तुझा हात पक्का होता रे. मला रेघ सोडवेना."

ऑरलिननं चक्र खोक्यावर ठेवून दिलं. "कुठली रेघ, दाजी? ती तर त्याच रात्री बर्फाखाली गेली."

व्हर्ल फरशीवरचं तेल पुसू लागला.

"लहान चक्र आणलंय?"

"आणलंय."

"मग बसवा. मी इथंच बसतो, बघत."

व्हर्लच्या हातांवर असा पहारा आजवर खोऱ्यात कोणी ठेवला नव्हता.