सुरय्याचा इलेक्ट्रॉन आणि सैफची बॅटरी

वरोऱ्यात सैफचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेली मोटर ओट्यावर ठेवतात, चहा पितात आणि हमखास विचारतात, "भाऊ, वहिनी काय करतात तुमच्या?"

"कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात," सैफ सांगायचा.

इथवर सोपं होतं. पण एखादा खोलात शिरायचा. "अन् ते संशोधन का काय करतात म्हणे?"

"इलेक्ट्रॉन रेणूवर आपटला तर काय होते, ते काढतात."

"मंग आपटून पायतात काय?"

"नाई. गणितानं काढतात."

समोरचा मान हलवून आपल्या मोटरीकडं वळायचा. सैफही तार गुंडाळायला लागायचा. आपण बायकोबद्दल काहीतरी फार तोकडं बोललो, ही रुखरुख मात्र त्याला दिवसभर पुरायची.

सुरय्या मूळची अहेरीची. वडील आसपासच्या आठवडी बाजारांत बांगड्या विकत. तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲसिड आलं तर गॅस नसे, गॅस आला तर ब्युरेट फुटलेली असे. बाकीची पोरं वैतागायची. तिथल्या एका मॅडमनी मात्र सुरय्याला सांगितलं, की हातात कागद आणि डोक्यात गणित असलं तरी केमिस्ट्री करता येते. अहेरीच्या पोरीला ही बातमी फार मोठी वाटली. पुढं नागपूर, मग आणखी दूरच्या संस्थेतली पीएच.डी., आणि शेवटी वरोऱ्याच्या कॉलेजातली नोकरी. सैफचं स्थळ नोकरीनंतर आलं. मुलगा बारावी पास आहे, हे सांगताना सासरचे अडखळले, तेव्हा ती म्हणाली, "बारावी राहू द्या. मोटरीत तार नीट भरतो का?" भरत होता. लग्न झालं.

घरात त्यांची बोली म्हणजे उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सैफनं सरळ विचारून टाकलं होतं. "माझ्या तारेतबी इलेक्ट्रॉनच असते नं? मंग तुझा इलेक्ट्रॉन काऊन वेगळा?"

सुरय्या भाजी निवडत होती. ती थांबली. "तुमच्या तारेत गर्दी असते. एकमेकांले ढकलत जातात. माझा एकटाच असतो. अन् मंद चालणारा. तो रेणूपाशी येते. कधी बाजूनं निघून जाते. पण त्याचा वेग नेमका जुळला नं, तर आत शिरून क्षणभर थांबते."

"थांबून काय करते?"

"त्यावरच तर सगळं आहे. कधी जसा आला तसा निघून जाते. कधी जाता जाता रेणू हलवून जाते. अन् कधी तो रेणूच तुटते."

"एवढ्याशा इलेक्ट्रॉननं?"

"एवढ्याशाच. लाल मुंगी डसली की आग होते नं, त्या आम्लाचा रेणू घेतला आहे मी. लहान आहे, पण भारी खट्याळ."

सैफला सगळं कळलं असं नाही. पण बायको ज्या मायेनं त्या रेणूला खट्याळ म्हणाली, त्यावरून ही भानगड आयुष्यभराची आहे एवढं त्याला उमगलं. तो तिच्या बाजूनं उभा राहिला तो त्या दिवसापासून.

कॉलेजातला संगणक अशा गणितापुढं हात टेकायचा. मग सुरय्यानं सुटे भाग जमवून घरीच एक दणकट मशीन उभं केलं. वरोऱ्याचा मे महिना माणसांना सोसत नाही, तिथं मशीनला काय सोसणार? दुपार झाली की ते तापून आपोआप बंद पडायचं आणि कित्येक दिवसांचं गणित वाऱ्यावर जायचं. सैफनं मशीन पत्र्याच्या खोलीतून उचललं आणि मागच्या जाड भिंतीच्या खोलीत नेलं. त्याच्या वडिलांचा, म्हणजे गल्लीच्या जलालुद्दीनचाचांचा पलंग तिथं होता. चाचा पुढच्या पडवीत गेले आणि गल्लीत अभिमानानं सांगू लागले, "बहूचं यंत्र झोपते माझ्या जागी." सैफनं खिडकीला वाळ्याची टाटी लावली. कूलरच्या दमट हवेनं आतले भाग गंजतील म्हणून कूलर हलवून दारापाशी नेला. शेवटी इन्व्हर्टर आणि दुकानातल्या चांगल्या बॅटऱ्या जोडल्या. गल्लीत वीज जायची, पण सुरय्याचा इलेक्ट्रॉन चालूच राहायचा.

अशा मेहनतीनं उत्तर आलं. कोणत्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन रेणूत अडकतो, ते दाखवणारा एक उंच कळस आलेखावर उभा राहिला. एका परिषदेत तिनं ते ऑनलाइन मांडलं. सैफ दाराबाहेर कान लावून उभा होता. इंग्रजी त्याला झेपत नव्हतं, पण बायकोचा आवाज ठाम होता, तेवढं पुरे होतं. मग एका बाईनं काही विचारलं. बाई सौम्य बोलत होत्या. सुरय्यानं कागद चाळल्याचा आवाज आला. शेवटी ती म्हणाली, "नो."

परिषद संपली आणि ती गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या कुरडया गोळा करू लागली. त्या अजून वाळल्याही नव्हत्या. सैफ मागोमाग गेला.

"काय झालं?"

"चुकलं."

"त्याइचं?"

"माझं." तिनं एक ओली कुरडई परत खाली ठेवली. "त्या बाई प्रत्यक्ष प्रयोग करतात. त्याइच्या मोजमापात तो कळस बराच खाली, कमी ऊर्जेले आहे. त्याइनं विचारलं, तुम्ही रेणूले हलू दिलं का? अन् मी नाई दिलं. जखडून ठेवलं होतं, गणित सोपं व्हावं म्हणून. पण इलेक्ट्रॉन आत थांबला की रेणूचा बंध ताणला जाते, सैफ. ताणला की अडकायची जागाच खाली सरकते."

"मंग आता?"

"बंध थोडा ताणून गणित करायचं. आणखी थोडा ताणून पुन्हा. असं शेवटपर्यंत."

"म्हणजे अख्खा उन्हाळा मशीन चालू ठेवा लागते."

"हो."

सैफनं आभाळाकडं पाहिलं. "ठेवू नं. त्यात काय."

आणि त्यानं ठेवलं. सकाळी बॅटऱ्यांचं पाणी तपासायचं, मगच दुकानाचं शटर उघडायचं, हा नेम झाला. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तो विचारायचा, "कुठपर्यंत ताणला?" सुरय्या बोटांनी दाखवायची.

पाऊस तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी वावटळ उठली आणि गारांसकट वादळ कोसळलं. रस्त्याकडची बाभळीची झाडं आडवी झाली, विजेचे खांब वाकले. वीज लवकर येणार नाही हे सैफला बघताक्षणी कळलं. बॅटरीवर मशीन घुमत होतं. बंध शेवटच्या लांबीवर होता. या लांबीचं गणित अर्ध्यात थांबलं तर तेवढं पुन्हा सुरुवातीपासून करावं लागणार होतं. सैफनं घरातले पंखे बंद केले, दिवे बंद केले, अगदी चाचांचा रेडिओही काढून घेतला.

तेवढ्यात शेजारच्या सीताबाई भिजतच आत आल्या. त्यांचे यजमान देवराव कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. खाणीच्या धुळीनं छाती गेलेली, ऑक्सिजनच्या मशीनशिवाय दिवस निघत नसे.

"सैफभाऊ, मशीन बंद पडलं जी. लहान सिलिंडर लावला आहे, पण तो किती पुरते? दवाखान्याच्या गाडीले फोन केला, रस्त्यात झाडं पडले म्हणते. याले वेळ लागते."

सैफ बॅटरीकडं वळला. मग नुसताच उभा राहिला. दोन्ही मशीन चालतील एवढा जोर त्यात नव्हता. हे तो सुरय्याला कसं सांगणार होता? त्यानं मान वर करून पाहिलं, तर संगणकाच्या पडद्यावर काळोख होता. सुरय्यानं विचारायची वेळच येऊ दिली नव्हती. ती खाली बसून प्लग उपसत होती.

"काऊन उभे आहा? तार आणा नं मोठी!"

सैफनं दुकानातली जाड केबल आणली आणि कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडं टाकली. देवरावांचं मशीन घरघरलं. त्यांच्या निळसर ओठांवर हळूहळू रंग आला. झाडं तोडून गाडी आली, तेव्हा ते सीताबाईंना म्हणत होते, "रडून काऊन राह्यली व? आहो मी."

घरी येऊन सैफ मशीनपाशी बसला. सुरय्या ओढणीच्या टोकानं पडद्यावरची धूळ पुसत होती.

"सगळं गेलं?" त्यानं विचारलं.

"आधीचं आहे. शेवटचंच गेलं. पुन्हा लावता येते."

"तुले वाईट नाई वाटलं?"

"वाटलं नं. पण देवरावभाऊ पुन्हा लावता नसते आले."

खरं सांगायचं तर सैफलाच जास्त लागलं होतं. तो आठवडाभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिला, आणि वीज आली त्या दिवशी सुरय्याच्या आधी धावत जाऊन त्यानं बटण दाबलं.

उत्तर पावसाळ्यात आलं. कळस खाली सरकला होता, जवळजवळ त्या बाईंच्या मोजमापापाशी. थोडं अंतर उरलं, ते का उरलं हे सुरय्यानं लेखात खुलेपणानं लिहिलं. तिनं बाईंना आलेख पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ते तिनं सैफला मराठीत सांगितलं. बाई म्हणत होत्या, आता दोघींचं जमलं. मग उजेडाचंही कराल का?

"उजेडाचं म्हणजे?"

"उजेडाचा कण रेणूवर पडला की आतला इलेक्ट्रॉन बाहेर काढते. तो निघताना तशाच अडकायच्या जागेतून जाते. म्हणजे अर्धी टक्कर. येणं नाई, नुसतं जाणं."

"अर्धीच? मंग अर्ध्या उन्हाळ्यात होईल."

सुरय्या एवढी हसली, की पडवीतून चाचांनी विचारलं काय झालं म्हणून. "कठीण आहे ते," ती डोळे पुसत म्हणाली. "पहिल्यापेक्षा जास्त."

इस्पितळातून परतलेले देवराव त्या सुमारास अंगणात बसू लागले होते. सीताबाईंनी आळूच्या वड्या पाठवल्या होत्या. सैफनं ताटली सुरय्यापुढं सरकवली.

"आधी खाऊन घे. अन् मले सांग, उजेडाच्या गणिताले किती जोर लागते? त्या हिशोबानं बॅटऱ्या पायतो."

सुरय्यानं वडी तोंडात टाकली, कागद ओढला आणि त्याला समजेल अशा बेतानं पहिल्यापासून सांगायला लागली. सैफ मांडी घालून बसला. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.